घड्याळ घ्यायच्या आधी वावरात रेंज पाहा

प्रश्न : आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून विसर पडतो, आता घरच्यांची नावंही चुकतात. दिवाळीपासून दोनदा संध्याकाळी कोणाला न सांगता निघून गेले. एकदा फाट्यावर सापडले. दुसऱ्यांदा आम्ही दहा वर्षांआधी विकलेल्या वावरातल्या विहिरीपाशी बसले होते, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. माझे मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत. घरी मी, सासूबाई आणि दोन मुलं. मिस्टरांनी ऑनलाइन १८०० रुपयांचं जीपीएस घड्याळ पाहून ठेवलं आहे. ते घ्यावं का? शेजारचे म्हणतात, बाहेरून कडी लावत जा. नणंदबाई म्हणतात, साधा मोबाईलच गळ्यात बांधा. रात्री मला झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : ताई, घड्याळ किंवा तसं यंत्र जरूर घ्या. पण हे १८०० रुपयांचं बहुतेक तुमच्या कामाचं नाही, आणि कोणतंही घ्यायच्या आधी दोन स्वस्त गोष्टी याच आठवड्यात करून घ्या. कारण घड्याळ मामाजींना थांबवत नाही. ते निघून गेल्यावर शोधायचा वेळ कमी करतं, तेही चार्ज असेल, अंगावर असेल आणि रेंज असेल तेव्हाच. यातली एक जरी गोष्ट हुकली, तरी तुमच्याजवळ दुसरा आधार हवा.

बाहेरून कडी लावू नका. आग लागली, साप निघाला, मे महिन्यात टिनाखाली दुपार तापली, तर आतला माणूस काहीच करू शकत नाही. शिवाय कोंडलेला माणूस जास्त बिथरतो, दार ठोकतो, खिडकीतून किंवा भिंतीवरून जायला पाहतो आणि पडतो. आतून, घरात कोणी असताना, दाराला अगदी वर किंवा अगदी खाली एक जास्तीची कडी बसवली तर चालते. डिमेन्शियात, म्हणजे या विसरण्याच्या आजारात, नेहमीच्या उंचीवरची कडी हात आपोआप उघडतो, नव्या जागेवरची मात्र सहसा सापडत नाही.

फोन गळ्यात बांधणंही नको. दोरी बाजेला, कडीला, झुडपाला अडकून फास बसू शकतो. साध्या कीपॅडच्या फोनमध्ये ठिकाण कळायची सोय बहुधा नसते, आणि ज्यांना फोन उचलायचा कसा हेच आठवत नाही त्यांच्या गळ्यातला फोन वाजून वाजून बंद पडेल. घड्याळांवरच्या मदतीच्या लाल बटणाचंही तेच. ‘अडचणीत आलात की हे दाबा’ हे त्या क्षणी आठवणं, नेमकं तेच या आजारात जातं. म्हणून यंत्र असं निवडा, की मामाजींना काहीच करावं लागू नये.

आता त्या दोन स्वस्त गोष्टी.

पहिली, करदोड्याला बिल्ला. भांड्यांच्या दुकानात ताटावाटीवर नाव टाकून देतात, त्याच मशीनवर स्टीलच्या चकतीवर मजकूर कोरून मिळतो. चकती दहा रुपयांच्या नाण्याएवढी, एक मिलिमीटर जाड. कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर पोटाला लागते. दोन बाजूंना दोन भोकं पाडायला सांगा. एकाच भोकातून दोरा घेतला की चकती लोंबते, टोचते, आणि टोचलं की ती तोडून फेकली जाते. दोन्ही भोकांतून दोरा गेला की ती अंगाला सपाट बसते. मजकूर एवढाच : ‘विसर पडतो, घरी कळवा’, गाव, तालुका, जिल्हा आणि दोन फोन नंबर. एक नंबर गावातल्या माणसाचा, दुसरा तुमच्या मिस्टरांचा. आकडे इंग्रजी कोरा. मामाजी दारव्ह्याच्या एसटीत बसून पुढे रेल्वेत चढले, तर तेलंगणात किंवा आंध्रात उतरवणाऱ्या माणसाला मराठी आकडे वाचता येणार नाहीत. आधार नंबर, बँकेचं काही टाकू नका. करदोडा त्यांनी आयुष्यभर घातलेला आहे, म्हणून तो ते काढणार नाहीत, आणि ना त्याला चार्जिंग लागतं ना रेंज. तेच दोन नंबर प्रत्येक बंडीच्या गळपट्टीच्या आतून धाग्यानं शिवून टाका, कारण पेनची शाई चार धुण्यांत जाते.

दुसरी, दाराची घंटी. चुंबकावर चालणारा, दोन तुकड्यांचा दाराचा अलार्म दोन-चारशे रुपयांत मिळतो. एक तुकडा दारावर, एक चौकटीवर. दार उघडून दोन्ही दूर गेले की आवाज होतो. दोन्ही तुकड्यांत बंद दारात एक सेंटिमीटरच्या आतच अंतर ठेवा. इथे तीन ठिकाणी गडबड होते. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि अंतर बदलतं, म्हणून जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासा. लोखंडी दारावर चुंबकाचा जोर लोखंडातच जिरतो आणि अलार्म उगाच वाजत राहतो किंवा वाजतच नाही. तुकड्याखाली पाच-सहा मिलिमीटर जाडीची लाकडाची पट्टी द्या. तिसरं म्हणजे आवाज. दारातच कर्कश वाजणाऱ्या अलार्मनं मामाजी दचकतील आणि घाबरून आणखी वेगानं निघतील. म्हणून दारावर नुसता सेन्सर आणि वाजणारी बेल स्वयंपाकघरात, अशी वायरलेस जोडी घ्या. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या जागेतलं. मातीच्या दोन जाड भिंती मधे आल्या की ते फार कमी होतं. चिकटवायच्या आधी सेन्सर हातात धरून प्रत्येक दारात उभं राहा आणि मुलाला स्वयंपाकघरात ऐकायला बसवा. गोठ्याकडचं मागचं दार विसरू नका. दोनदा निघून गेले ते कोणत्या दारानं, हे सासूबाईंना विचारा. पहिला सेन्सर त्याच दाराला.

हालचाल ओळखणारा सेन्सर कोणी सुचवेल, तो नको. तो अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यातल्या फरकावर चालतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भिंतसुद्धा अंगाएवढी तापते, फरकच उरत नाही आणि माणूस समोरून गेला तरी त्याला कळत नाही. हिवाळ्यात मात्र मांजर आणि वासरू पाहून रात्रभर वाजतो.

एवढं झालं की घड्याळाकडे वळा.

मिस्टरांना त्या घड्याळाची माहिती नीट वाचायला सांगा. तिथे ‘जीएसएम ८५०/९००/१८००/१९००’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते फक्त टूजीवर चालतं. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं टूजी चालेल, पण तुमच्या गावात ते पोचतं का, हा वेगळा प्रश्न आहे. फोरजी यंत्र घ्या आणि त्यात कोणते बँड, म्हणजे टॉवरच्या लहरींचे पट्टे, आहेत ते पाहा. जिओ ३, ५ आणि ४० या बँडांवर चालतं. बाहेरच्या देशांसाठी बनवलेल्या स्वस्त घड्याळांत ५ आणि ४० पुष्कळदा नसतात, मग गावात टॉवर दिसतो, फोन चालतो आणि घड्याळ मात्र मुकं राहतं.

कोणत्या कंपनीचं सिम, हे दुकानदाराला विचारू नका, वावराला विचारा. दोन-तीन जणांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन मामाजी जातील त्या वाटेनं एकदा चाला : घर ते फाटा, घर ते नाला, पांदणीनं विकलेल्या वावरापर्यंत आणि त्या विहिरीपाशी. प्रत्येक ठिकाणी फोन लावून पाहा आणि कागदावर खूण करा. जी कंपनी विहिरीपाशी आणि नाल्यात लागते, तिचं सिम घ्या, घरात तिला एक काडी कमी असली तरी हरकत नाही. हे काम पऱ्हाटी आणि तुरी उभ्या असताना करा. उघड्या वावरात लागणारी रेंज डोक्याइतक्या तुरीत बसलेल्या माणसाजवळ लागेलच असं नाही.

ठिकाण कळण्याचं गणितही समजून घ्या, म्हणजे नकाशावरच्या टिंबाला फसणार नाही. उघड्या आभाळाखाली जीपीएस पाच-दहा मीटरपर्यंत अचूक सांगतं. टिनाच्या छताखाली त्याला उपग्रह दिसत नाहीत, मग यंत्र जवळच्या मोबाईल टॉवरवरून अंदाज करतं, आणि खेड्यात टॉवर दूरदूर असल्यानं तो अंदाज किलोमीटर-दोन किलोमीटर चुकू शकतो. ॲपमध्ये ठिकाणासमोर ‘जीपीएस’ लिहिलं आहे की ‘एलबीएस’, म्हणजे टॉवरवरचा अंदाज, हे आधी पाहा. एलबीएस असेल तर त्या टिंबाकडे धावू नका. दुसरं, वेळ पाहा. टिंब घरावर आहे, पण वेळ वीस मिनिटांपूर्वीची आहे, याचा अर्थ मामाजी घरी आहेत असा होत नाही.

घराभोवती वर्तुळ आखून ‘बाहेर गेले की कळव’ ही सोय जवळपास सगळ्यांत असते. ते वर्तुळ ५० मीटरचं ठेवलं तर जीपीएस जागच्या जागी डळमळतं आणि दिवसातून दहा वेळा खोटा इशारा येतो. चौथ्या दिवशी कोणी पाहत नाही. २०० ते ३०० मीटर ठेवा. पण मग एक हिशेब करा. यंत्र दर दहा मिनिटांनी ठिकाण पाठवत असेल, तर मामाजींच्या चालीनं तेवढ्यात अर्धा किलोमीटर होतो. इशारा येईपर्यंत ते गावाबाहेर असतील. म्हणूनच दाराची घंटी आधी सांगितली. ती पहिल्या पावलाला वाजते.

मग दर मिनिटाला ठिकाण पाठवायला का लावू नये? बॅटरीमुळे. अशा घड्याळांत ४०० ते ७०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. मिनिटाच्या अंतरानं ती साधारण दिवसभरही पुरत नाही, दहा मिनिटांवर ठेवली तर दीड-दोन दिवस जाते. रेंज कमजोर असली की यंत्र टॉवर गाठायला जास्त जोर लावतं आणि बॅटरी आणखी लवकर संपते. रोजचं अंतर दहा मिनिटं ठेवा, दुपारी चार ते रात्री नऊ पाच मिनिटं, आणि मामाजी निघून गेल्याचं कळलं की ॲपमधून लगेच एका मिनिटावर न्या. हे बटण कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, त्या गडबडीत सापडत नाही.

चार्जिंगची वेळ घड्याळातली वेळ पाहून ठरवू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. मामाजींच्या सकाळच्या आंघोळीला यंत्र काढायचं, चार्जला लावायचं, जेवण होईपर्यंत ते घरात तुमच्या डोळ्यांसमोर आहेत, जेवणानंतर पुन्हा अंगावर. लाइन नसेल तर पॉवर बँकवर लावा, पण दहा मिनिटांनी परत पाहा. काही पॉवर बँक एवढ्या लहान यंत्राचा करंट फार कमी म्हणून आपोआप बंद होतात आणि यंत्र रिकामंच राहतं. चार्जरच्या दोन पिनांवर घामाचं मीठ साचतं, ते आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. उन्हाळ्यात दुपारी टिनाखाली चार्ज करू नका. ४५ अंशांच्या वर चार्ज केलेली लिथियम बॅटरी खराब होते, कधी फुगते. फुगलेलं यंत्र अंगावर ठेवायचं नाही.

हे अंगावर राहणार कसं, यावर सगळा खेळ आहे. मामाजी आधीपासून हातावर घड्याळ बांधत असतील तर त्याच हातावर हे बांधा. एक बोट आत जाईल इतकं सैल ठेवा आणि रोज आंघोळीच्या वेळी कातडी पाहा. साखरेचा आजार असेल तर जास्तच जपून. पण ज्यांनी कधी घड्याळ घातलं नाही, त्यांना ती परकी वस्तू वाटते. दोन दिवसांत ते गव्हाच्या कोठीत किंवा शेणाच्या खड्ड्यात सापडतं. किल्लीनं बंद होणारे पट्टे मिळतात, ते ओढून ओढून हात सुजलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, म्हणून तो मार्ग आम्ही सुचवत नाही.

त्यापेक्षा घड्याळाऐवजी काडेपेटीएवढा चपटा ट्रॅकर घ्या आणि बंडीला चोरखिसा शिवा. खिसा पाठीवर, मानेखाली चार बोटांवर, आतल्या बाजूनं. तिथे हात सहज पोचत नाही, आणि आभाळाकडे तोंड राहिल्यानं जीपीएसही छातीवरच्या खिशापेक्षा चांगलं लागतं. खिशाला वरून झाकण आणि एक टिचबटण. सगळ्या बंड्यांना असाच खिसा शिवा, नाहीतर बंडी बदलली त्या दिवशी यंत्र खुंटीवर राहतं. ट्रॅकरवर आयपी६७ लिहिलं असेल तर पाऊस आणि घाम चालतो, पण चार्जिंगच्या छिद्राची रबरी टोपी नीट बसलेली हवी. धुण्याच्या बादलीत गेलेला ट्रॅकर सहसा परत चालू होत नाही. म्हणून सासूबाईंना सांगा, धुवायच्या आधी पाठ चाचपायची.

मामाजींपासून हे लपवू नका. ‘तुम्ही वावरात गेले की आम्हाले कळते, काळजी राहत नाही’ एवढं साध्या शब्दांत सांगा. उद्या विसरले तरी आज सांगा. रोज एकाच माणसानं, कपड्यांबरोबर, त्याच क्रमानं घातलं की आठ-पंधरा दिवसांत ते अंगवळणी पडतं. वाद घालून घातलं तर पडत नाही.

यंत्र आल्यावर सिम आधी साध्या फोनमध्ये घालून नेट आणि एसएमएस चालतात का पाहा, सिमला पिन असेल तर ती काढा. मग ट्रॅकरमध्ये घाला. यंत्र चालू दिसतं पण ॲपवर येत नाही, अशी तक्रार असली तर बहुतेक वेळा एपीएन, म्हणजे नेट चालायला यंत्रात भरायचा सिम कंपनीचा पत्ता, टाकायचा राहिलेला असतो : एअरटेलला airtelgprs.com लिहितात तो पत्ता, जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. तुमच्या मिस्टरांना हे जमेल. त्यांनी सुट्टीवर आल्यावर गावातच बसवून द्यावं, पुण्यात बसवलेलं इथे चालेलच असं नाही. बहुतेक ट्रॅकरचा सुरुवातीचा पासवर्ड १२३४५६ असतो. तो त्याच दिवशी बदला, नाहीतर तुमच्या घरातला म्हातारा माणूस कुठे आहे हे बाहेरच्या कोणालाही पाहता येईल. २०१९ मध्ये अशा लाखो ट्रॅकरवर तोच पासवर्ड तसाच असल्याचं उघड झालं होतं. गुपचूप आवाज ऐकायची सोय असेल तर ती बंद ठेवा. मामाजींचं आणि सासूबाईंचं बोलणं कोणी चोरून ऐकावं, इतकं काही यात अडलेलं नाही.

एसएमएस पाठवला की नकाशाची लिंक परत पाठवणारा ट्रॅकर मिळाला तर तोच घ्या. नेट मरतं तेव्हाही एसएमएस पुष्कळदा जातो. कोणता शब्द पाठवायचा हे त्याच्या पुस्तिकेत असतं. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फळीवर चिकटवा.

सिम मिस्टरांच्या नावावर, त्यांच्याच फोनच्या रिचार्जबरोबर त्याच तारखेला भरायचं. नेट अगदी थोडं लागतं, छोटा पॅक पुरतो. सर्वांत जास्त यंत्रं बंद पडतात ती मुदत संपल्यानं, बिघाडानं नाही. आणि ॲप पाहायचं काम मिस्टरांकडे द्या. तुम्ही कापूस वेचत असताना तुमच्या फोनला रेंज नसेल, पुण्यात ती कायम आहे. इशारा आला की त्यांनी आधी तुम्हाला, तुम्ही उचलला नाही तर शेजाऱ्यांना, मग पोलीस पाटलांना फोन लावायचा. दूर राहून करता येईल असं हे खरं काम आहे, त्यांच्याकडून ते मागून घ्या.

ट्रॅकर अंगावर ठेवून एक दिवस मुलालाच ‘हरवायला’ लावा. तो सांगितल्याशिवाय पांदणीनं जाईल, आणि मिस्टरांनी पुण्यातून फोनवर वाट सांगून तुम्हाला तिथपर्यंत न्यायचं. किती वेळ लागला, टिंब कुठे चुकलं, हे तेव्हाच कळतं.

गावाची साखळी यंत्राहून कमी समजू नका. पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, किराणा दुकान, फाट्यावरची चहाची टपरी, मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, ते वावर घेतलेलं कुटुंब. एवढ्यांना मामाजींचा पूर्ण उभा फोटो, रोजच्या कपड्यांतला, आणि तुमचा नंबर द्या. त्यांना एकच सांगा : हात धरून ओढू नका, ‘कुठे चालले’ म्हणून अडवू नका, ‘चला आबाजी, चहा घेऊ’ म्हणत सोबत चाला आणि फोन करा. घरातल्या आजाराचं बाहेर सांगायला संकोच वाटतो, आम्हाला कळतं. पण ज्या गावाला ठाऊक असतं, ते गाव माणूस फाट्यावरूनच परत आणतं.

तरीही निघून गेले, तर एक माणूस फोन घेऊन घरी थांबेल. बाकीच्यांनी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत घर, गोठा, कुडाच्या मागची जागा, मग विहिरी, नाला, कालवा पाहायचा. त्यानंतर जुन्या ओळखीच्या जागा. डिमेन्शियाचा माणूस हाकेला ओ देत नाही, हे शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगा. वाट संपली तरी तो पुढे जात राहतो आणि झुडपात, तासांमध्ये (पिकाच्या ओळींमध्ये), कुंपणाशी अडकून बसतो. म्हणून हाका मारत रस्त्यानं फिरणं पुरत नाही, तुरीच्या एकेका तासात शिरून पाहावं लागतं. पऱ्हाटीत वाकून पाहा. रानडुकरांसाठी धुऱ्यावर करंट सोडणारे कोण आहेत हे गावाला माहीत असतं. त्यांना त्याच क्षणी फोन करून तारा बंद करायला लावा, शोधणाऱ्यांच्या जिवासाठीसुद्धा. अर्ध्या तासात सापडले नाहीत तर ११२ लावा आणि ठाण्यात बेपत्ता झाल्याची नोंद करा. २४ तास थांबावं लागतं असा कोणताही कायदा नाही. उन्हाळ्यात अर्धा तासही थांबू नका.

सापडल्यावर रागावू नका, प्रश्न विचारू नका. सावलीत बसवून घोटघोट पाणी, तळपाय पाहा. अंग तापलेलं, बोलणं नेहमीपेक्षा जास्त असंबद्ध, किंवा झोपाळलेले असतील तर ओल्या कापडानं अंग पुसत १०८ बोलवा.

आता संध्याकाळचं. दोन्ही वेळा ते गुरं घरी यायच्या सुमारास निघाले. आयुष्यभर कास्तकारी केलेल्या माणसाचं अंग त्या वेळी वावराकडे ओढ घेतं. त्यांना अडवून ठेवण्याऐवजी चार-साडेचारला मुलासोबत अर्धा तास धुऱ्यापर्यंत चालवून आणा, आल्यावर काही खायला द्या, दिवेलागणीच्या आधीच घरातला दिवा लावा. हातांना काम द्या : तुरी निवडणं, दोर वळणं, गुरांना कडबा टाकणं. लघवी लागलेली सांगता येत नाही म्हणूनही माणूस उठून चालू लागतो, तेही पाहा.

आणि तुमच्या पत्रात डॉक्टरांचा उल्लेख नाही. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात एकदा नक्की न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, नैराश्य, यानंही विसर पडतो, आणि यातलं पुष्कळ बरं होतं. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या गोंधळ वाढवतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणून देऊ नका. एक-दोन दिवसांत अचानक जास्त बिघडले, तर तो आजार वाढला असं समजू नका. लघवीचा संसर्ग, शौचाला न होणं, पाणी कमी पडणं, यातलं काही असतं आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो.

रात्रीचं राहिलं. हिवाळ्या-पावसाळ्यात दार बंद, घंटी चालू, म्हणजे तुम्हाला दाराकडे कान लावून पडायची गरज नाही. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकता तेव्हा घराच्या दाराची घंटी काही कामाची नाही. त्या दिवसांत एक सेन्सर फाटकाला लावा, मामाजींची बाज भिंतीकडे आणि तुमची किंवा सासूबाईंची फाटकाकडे ठेवा, ट्रॅकर रात्रीही अंगावर ठेवा आणि बंडीच्या पाठीचा खिसा झोपताना रुतत असेल तर तोच बाहीखाली कडेला शिवा. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालते. तुम्हाला स्वतःला फार जड झालं तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर दिवसा-रात्री कधीही मोफत बोलता येतं. तो नंबर तुमच्यासाठीही आहे, फक्त आजारी माणसासाठी नाही.

नणंदबाईंना मदत करायची इच्छा आहे हे त्यांच्या सल्ल्यातून दिसतं, ती वापरा. महिन्यातून चार दिवस त्यांनी तुमच्याकडे यावं आणि रात्रीची जबाबदारी घ्यावी. मामाजींना त्यांच्या गावी पाठवू नका. नव्या घरात दार कोणतं आणि न्हाणी कोणती हेच कळत नाही, आणि निघून जाण्याचा धोका वाढतो. लग्नकार्याला न्यावंच लागलं, तर पोचल्याबरोबर मिस्टरांना फोन करून ॲपमधल्या वर्तुळाचा मध्य त्या गावावर आणायला सांगा.